चौथा तुकडा

खलातून द्रवरूप नायट्रोजनची वाफ उसळत होती आणि प्रवाळाचा शेवटचा तुकडा अजून टाकीतच होता.

"आण लवकर," सर म्हणाले. "नायट्रोजन उडून चाललाय."

संशोधन करणारी ती मुलगी जागची हलली नाही. चिमटा हातात, हात पाण्यात. पाणी मुद्दाम तापवलेलं होतं, समुद्रातल्या वाईटातल्या वाईट उन्हाळ्याइतकं. प्रवाळाच्या अंगात राहून त्याला पोसणारं शेवाळ या उष्णतेत केव्हाच बाहेर पडलं होतं. तुकडा पांढराफटक झाला होता. कुणीही म्हणालं असतं, आटोपला कारभार.

पण टाकीशी नाक नेलं की समुद्राचा उग्र वास यायचा. कुजल्याचा नव्हे. उष्णतेने पेशींत माजणाऱ्या विषाला तोंड द्यायला तो उपाशी जीव गंधकाचं एक संयुग बनवत होता, आणि त्यातूनच हा वास सुटत होता. ते काम एकट्या शेवाळाचं, असं सर वर्षानुवर्षं शिकवत आले होते. तिच्या मोजणीने ते खोटं ठरलं, तेव्हा सरांना इतका आनंद झाला की त्यांनी स्वतः चहा केला, आणि त्यात साखर घालायला विसरले.

मोजायची रीत मात्र एकच. तुकडा गोठवायचा, खलात कुटायचा, त्याचा अर्क काढून यंत्राला द्यायचा. असे तीन तुकडे तिने आपल्या हातांनी कुटले होते. तिन्ही खलात पडेपर्यंत झुंजत होते, हे आकड्यांनी नंतर सांगितलं. प्रवाळाच्या ज्या वसाहतीतून हे तुकडे आणले, ती यंदा समुद्रात पार मरून गेली होती. आता तिचं जगात एवढंच उरलं होतं, करंगळीएवढं.

"चौथ्या आकड्याशिवाय परीक्षक निकाल मानणार नाहीत," सर म्हणाले. आवाजात राग नव्हता, काळजी होती. "पदवी लटकेल तुझी. एवढ्याशा तुकड्यापायी?"

पदवी तिला हवीच होती. आईने तर शेजारीपाजारी आत्तापासूनच 'आमची डॉक्टर' सुरू केलं होतं. तरी तिने चिमटा बाजूला ठेवला आणि टाकीचा हीटर बंद केला.

"नाही कुटणार, सर."

तिने ड्रॉपरने थोडं खाणं पाण्यात सोडलं. पांढऱ्या तुकड्यातून केसाएवढे हात बाहेर आले आणि ते खाणं हावरटासारखं आत ओढू लागले. सर वाकून बघत राहिले. खलातली वाफ विरून गेली.

"बरं," शेवटी ते म्हणाले, "मग प्रबंधात चौथ्या तुकड्यापुढे काय लिहिणार आहेस?"

"नमुना जिवंत असल्यामुळे मोजता आला नाही."