तिसऱ्या मजल्याची तक्रार

सहाव्या संध्याकाळीही फोन आलाच. महोत्सवाच्या कार्यालयातल्या बाईंनी वहीत तारीख टाकली, पुढे 'समोरची इमारत, तिसरा मजला' असं लिहिलं आणि माणसांतून वाट काढत त्या साउंडच्या टेबलापाशी आल्या.

"भोंग्या, तिसरा मजला."

भोंग्याने आवाजाची पट्टी आणखी एक बोट खाली ओढली. शहरातल्या या उन्हाळी महोत्सवाचा आवाज तो सांभाळायचा, म्हणून भोंग्या. एरवी तो इतकं हळू बोलायचा, की आइस्क्रीम मागितलं तर दुकानदार त्याला आधी पाणी द्यायचा.

बाई अकरा वर्षं तक्रारी घेत होत्या. पूर्ण ऐकायची त्यांना गरजच पडत नसे. "समोरच्या इमारतीतून बोलतेय, तुमचा आवाज जरा" इथवर आलं, की त्या "कळवते हं" म्हणून फोन ठेवत. रांगेत हरवलेली मुलं आणि सापडलेल्या चपला थांबलेल्या असायच्या. कुणाकुणाचं शेवटपर्यंत ऐकत बसणार?

तिसऱ्या मजल्याचं प्रकरण मात्र गंभीर होतं. तिथल्या आजोबांचं हृदय फार नाजूक झालंय, डॉक्टरांनी जिना उतरायलाही बंदी केलीय, हे बाईंना इमारतीच्या वॉचमनने सांगितलं होतं आणि बाईंनी ते दुसऱ्याच दिवशी भोंग्याला पोचवलं. भोंग्याने ते घरी आईला सांगितलं. ही त्याची चूक झाली. आई वाढता वाढता थांबली.

"त्यांना काही झालं ना, तर मला तोंड दाखवू नकोस," ती म्हणाली आणि त्याच्या ताटात आणखी भात वाढला.

तो भात त्याने तसाच ठेवला.

तेव्हापासून रोज फोन, आणि रोज पट्टी एक बोट खाली. तिसऱ्या दिवशी ढोलवाले गादी झोडपत असल्यासारखे वाटले. चौथ्या दिवशी कठपुतळ्यांच्या राजाने प्रधानाला देहदंड सुनावला, तो प्रेक्षकांना मुंडकं पडल्यावर कळला. पाचव्या दिवशी विनोद सांगणाऱ्याचे विनोद पहिल्या रांगेने दुसरीला सांगितले, दुसरीने तिसरीला. हसू हप्त्याहप्त्याने मागे जात राहिलं. शेवटची रांग पोट धरून हसत होती तेव्हा तो गृहस्थ कपडे बदलून सरबत पीत उभा होता.

सहाव्या दिवशी बासरीपेक्षा बटाटे तळल्याचा आवाज मोठा होता. लांब बाकांवर जेवायला बसलेली माणसं कुजबुजत बोलायला लागली. एका नवरा-बायकोचं भांडण सगळ्या मैदानाला ऐकू गेलं, आणि बायकोने शेवटचं वाक्य टाकल्यावर टाळ्या पडल्या.

"काय रे, यंदा महोत्सव दुखवट्यात आहे का?" आइस्क्रीमवाल्याने विचारलं.

भोंग्या नुसता हसला. हसतानाही त्याला वाटलं, वर ऐकू जाईल.

आयोजक चिडले होते. शेवटच्या दिवशी एक जुन्या गायिका येणार होत्या, बारा वर्षांनी पहिल्यांदा मंचावर. त्यांचं गाणं नीट ऐकू आलं नाही तर पुढच्या उन्हाळ्यात दुसरा माणूस बघू, असं आयोजकांनी भोंग्याला शांतपणे सांगितलं. ते ओरडले असते तर त्याला बरं वाटलं असतं. हे काम गेलं तर वर्षातले उरलेले महिने त्याने कशावर काढायचे, ते त्यालाही माहीत नव्हतं.

आठव्या दिवशी मात्र त्याला झाडांच्या दाट फांद्यांमधून तिसऱ्या मजल्याची बाल्कनी क्षणभर दिसली. खुर्चीत एक वाळका म्हातारा बसला होता, कानाशी हात धरून. भोंग्याने हातातलं आइस्क्रीम कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

नवव्या, म्हणजे शेवटच्या दिवशी फोन दोनदा आला.

"आज तिसऱ्या मजल्यावरच्या आजी अगदी काकुळतीला आल्या होत्या," बाई म्हणाल्या. त्यांचाही चेहरा उतरला होता. "आजच्या दिवस तरी, म्हणाल्या. मी म्हटलं, कळवते हं."

भोंग्याने मंचाकडे पाहिलं. गायिका बसत होत्या. आयोजक पहिल्या रांगेतून त्याच्याकडे बघत होते. त्याने पट्टीवर बोट ठेवलं आणि ती पार तळाला नेली.

गाणं झालं. पहिल्या दोन रांगा रडल्या. तिसऱ्या रांगेने त्यांना विचारलं, काय झालं. साडेसातला गायिकांनी हात जोडले, त्या गाडीत बसल्या आणि गेल्या. आयोजक आले, पुढच्या वर्षी येऊ नकोस म्हणाले आणि तेही गेले.

भोंग्या "बरं" म्हणाला. नऊ दिवसांत पहिल्यांदा त्याला हलकं वाटत होतं. तरी झाल्या त्रासाची माफी मागायलाच हवी होती. त्याने अर्धा किलो द्राक्षं घेतली आणि तिसऱ्या मजल्यावर जाऊन बेल दाबली.

आजींनी दार उघडलं. त्याच्या गळ्यातलं ओळखपत्र त्यांनी चष्मा सावरून वाचलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अहो, मैदानातले साउंडवाले आलेत," त्या आत वळून म्हणाल्या. "मी सांगत नव्हते, आज नक्की ऐकतील म्हणून?"

बाल्कनीत दोन खुर्च्या झाडांकडे तोंड करून मांडल्या होत्या. मधल्या स्टुलावर झाकलेल्या दोन बशा होत्या. आजोबांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता, केस पाणी लावून बसवले होते. त्यांनी भोंग्याला हाताने जवळ बोलावलं.

"नऊ दिवस फोन करतेय ही, जरा वाढवा म्हणून," आजोबा म्हणाले. "पण त्या गायला बसायच्या आधी आलात, हे फार बरं केलंत."