पलीकडच्या सड्यावरचं कंदीलफूल

राधानगरीकडचे दोन सडे, म्हणजे कातळाची उघडी पठारं, नकाशावर शेजारी शेजारी होते, आणि खाणीची परवानगी ठरवणाऱ्या समितीच्या साहेबांच्या हातात लाल पेन्सिल होती.

"दुर्मिळ झाड एका जागी राखलं की पुरे, असा आपला नियम. कंदीलफूल दोन्ही सड्यांवर आहे. मग या गुंडूच्या गावचा सडा खाणीला सोडू, त्याच्याखाली बॉक्साइट आहे."

सड्यांवरच्या झाडांचा अभ्यास श्रुती मॅडमनी केला होता. त्यांच्याच तीन वर्षांच्या नोंदी तसं सांगत होत्या.

ती तीन वर्षं त्यांना वाट दाखवत फिरलेला गुंडू दाराशी उभा होता. तो पुढं आला.

"साहेब, पलीकडच्या सड्यावरची म्याच लावल्यात. पहिल्या साली मॅडमना तिथं काय घावलं न्हाय. तोंड बारीक करून बसल्या, मला बघवंना. म्हणून आमच्या सड्यावरचे चार कंद नेऊन लावले."

श्रुती मॅडम ताडकन उठल्या. साहेब मात्र हसले.

"लावली आणि तीन वर्षं जगली? मग तर प्रश्नच मिटला, उरलेलीही तिकडं हलवू." पेन्सिल नकाशावर टेकली.

मॅडमकडं न बघता गुंडू म्हणाला, "जगत न्हाईत, साहेब. दरसाली मॅडम यायच्या आधी नवी लावतोय."