हिच्या मांडीवर

लेफ्टनंट कॉलिन गिलिसनं कंदाहारमध्ये प्राण सोडला तो पलटणीतल्या परिचारिकेच्या, रेनेच्या मांडीवर. दर नोव्हेंबरला, सैनिकांच्या स्मृतिदिनी, ती कॉलिनच्या गावातल्या स्मारकाला फुलं वाहायला यायची आणि कॉलिनच्या आईचा, डोरीनचा, नुसता जळफळाट व्हायचा. जन्म दिला आपण, आणि शेवटची घटका हिच्या वाट्याला!

यंदा डोरीनला राहवलं नाही. “शेवटी तुझ्याशी काय बोलला गं माझा पोरगा?”

“माझ्याशी नाही, मिसेस गिलिस. त्याला दिसत नव्हतं. ‘आई, आई’ करत होता. मीच ओ दिली. म्हटलं, ‘इथंच आहे रे राजा.’ रागावू नका.”



“म्हणजे त्याच्यापुरती मी तिथं होते,” डोरीन म्हणाली.