हाताला बसेल अशी ग्रिप

"हीपण नको," ती म्हणाली. "घाम आला की निसटेल हातातून."

कॅमेऱ्याच्या दुकानदाराने तिसरी ग्रिप, म्हणजे बटण असलेली मूठ, खोक्यात परत ठेवली. बाईंच्या हाताला घामाचा थेंब नव्हता. पहिली जड लागली होती, दुसरीचं बटण कडक होतं, आणि चौथीला काय नाव ठेवायचं याची तयारी तिने आत्ताच करून ठेवली होती. एकदा खुसपट काढायचं ठरवलं की ती कोणाचं ऐकत नसे.

नवऱ्याचा स्टुडिओ लहान मुलांच्या फोटोंचा. बावीस वर्षं दोघांचं काम वाटून घेतलेलं. तो कॅमेऱ्याला डोळा लावून उभा, ती शेजारी गुडघ्यांवर. ती बकरी व्हायची, कावळा व्हायची, मोठ्ठी शिंक देऊन मागे कोलमडायची. रडवेलं पोर आधी टकमक बघायचं, मग त्याचे ओठ हलायचे, आणि ते खुदकन हसणार त्याच्या जरासं आधी ती म्हणायची, "हं." त्या 'हं'वर तो बटण दाबायचा. कधी साधायचं, कधी हसू निघून जायचं. मग तो स्वतःवरच चरफडायचा आणि ती पुन्हा बकरी व्हायची. पोरांचे फोटो काढावेत तर यांनीच, असं लोक त्याच्याबद्दल म्हणत. तिला त्याचं काही वाटत नसे. पोरं तिला बकरी मावशी म्हणत आणि तेवढ्यावर ती खूश होती.

आणि आता हे बिनतारी प्रकरण उपटलं होतं.

"कॅमेरा स्टँडवर लावायचा," दुकानदार मघाशी सांगत होता, "आणि ही मूठ हातात घेऊन कुठेही बसायचं. वायर नाही, काही नाही. इथे बटण दाबलं की तिथे फोटो. एक माणूस वाचतो बघा."

वाचणारा माणूस कोण, हे तिला कोणी सांगायला नको होतं. स्टुडिओत माणसं मुळात दोनच. नवरा स्वतः पोरासमोर बसणार, बटण त्याच्या हातात, आणि आपला पत्ता कट. गेल्या महिन्यात गुडघ्यांवरून आपणच कुरकुर केली, ती आता भोवत होती. गुडघे दुखतात म्हणून काय काम सोडायचं असतं? घरी बसून काय करायचं, भिंतीसमोर बकरी?

नवरा मात्र भलताच खुशीत होता. प्रत्येक ग्रिप शर्टाला पुसून तिच्या हातात द्यायचा. "धर. कशी वाटते?" आणि वर म्हणतो काय, "आता ती धरूनच जरा बकरी कर."

"इथे? दुकानात?"

"कर गं. कोण बघतंय."

तिने केली. पलीकडे बॅगा बघणारं एक गिऱ्हाईक दचकलं. नवरा मात्र एकटक बघत होता, परीक्षेला बसल्यासारखा. शिकून घेतोय मेला, तिला वाटलं. उद्यापासून बकरीही हाच होणार. मागे एकदा त्याने प्रयत्न केला होता. समोरचं पोर तर रडलंच, बाहेर नंबर लावून बसलेलंही रडलं. हे सगळं माहीत असून माणूस हट्टाला पेटला होता, आणि तिला राग यावा की रडू हेच कळेना.

दुकानदाराने चौथी ग्रिप काढली. लहानशी, गोलसर, अंगठ्याखाली बटण. ती त्याने नवऱ्याच्या पंजाजवळ धरून पाहिली आणि मान हलवली. "ही लहान पडेल, साहेब. तुमची बोटं लांब आहेत."

तिचा जीव भांड्यात पडला. "बघा, लहान पडतेय," ती घाईघाईने म्हणाली आणि पर्स खांद्याला अडकवलीसुद्धा. "उगाच घ्यायची आणि कपाटात पडून राहायची. आपलं चाललंय ते काय वाईट चाललंय? उठा, घरी जाऊ."

नवरा उठला नाही. त्याने ती ग्रिप घेतली, पुसली आणि तिच्या तळहातावर ठेवली. तिची बोटं एकेक करून मिटवली. अंगठा धरून बटणावर नेला. अंगठा बरोब्बर बसला.

"माझं माप कशाला घेताय?" तो दुकानदाराला म्हणाला. "बटण ही दाबणार आहे."

तिने खांद्यावरची पर्स पुन्हा खाली ठेवली.

"अहो, पण मला कुठे फोटो काढता येतात?"

"बावीस वर्षं तूच तर काढतेस," तो म्हणाला. "बोट तेवढं माझं होतं, आणि तेही उशिरा पोचायचं."