पोचेपर्यंतचा केर

शलाकाचा फोन येईपर्यंत केर काढायचा नाही, असं मी सांगितलं, तेव्हा हे हसले. घरचं माणूस प्रवासाला निघालं, की ते पोचेपर्यंत घरात केरसुणी फिरवायची नाही, ही माझ्या आईची रीत.

"अगं, तुझ्या आईकडची माणसं जायची सांगलीहून मिरजेला," हे म्हणाले. "आपली लेक गेलीय टोरंटोला. साडेबारा हजार किलोमीटर. मधे थांबून बावीस तास. तोवर काय उकिरड्यात बसायचं? विमान काय तुझ्या केरसुणीवर उडतं?"

निघताना नातीने सोफ्यावर बसून बिस्किटं खाल्ली होती, त्यांचा चुरा खाली तसाच पडला होता. तिथून जाता-येता हे काहीतरी पुटपुटायचे. संध्याकाळी चुऱ्याला मुंग्या लागल्या, तेव्हा तर त्यांनी जाहीरच केलं, की या घरात शिकलेलं माणूस एकच आहे.

दुसऱ्या दिवशी फोन आला. सगळे सुखरूप घरी पोचले होते, नात दमून झोपली होती. मी फोन ठेवला, पदर खोचला आणि केरसुणी घेऊन सोफ्यापाशी वाकले.

ह्यांच्या तोंडासमोरचा पेपर खाली आला.

"तेवढं राहू दे."

"अहो, पोचली ना ती आता?"

"पोचली." त्यांनी पाय अलगद वर घेतले. "मुंग्या नेतायत ना. नेऊ देत हळूहळू."