गोळी बदलली

एडीएचडीची गोळी सुरू झाली आणि तिसरीतली रेवा इतकी शांत झाली, की वर्गशिक्षिकेचा कौतुकाचा फोन आला. ती आता जागेवरून उठत नाही, मध्येच बोलत नाही. जेवतही नाही, हे फक्त तिच्या आईला, केतकीला ठाऊक होतं.

डॉक्टरांसमोर केतकी अवघडून म्हणाली, "अभ्यासात लक्ष लागतंय तिचं. पण जेवत नाही, बडबडत नाही. आम्हाला घरात करमत नाही हो."

डॉक्टर हसले नाहीत. "मग ही गोळी तिच्यासाठी नाही. दुसरी देऊन पाहू. थोडा धीर धरा."

दुसरी गोळी लागू पडायला काही आठवडे गेले. एका संध्याकाळी रेवा गणितं सोडवत होती. शेजारी बसलेली केतकी कधी कुकर बघायला उठे, कधी फोन चाळे, कधी उगाच पडदा सारखा करे.

रेवानं शेवटचं उत्तर लिहिलं, थालीपिठाचा मोठा तुकडा तोडला आणि भरल्या तोंडानं म्हणाली, "आई, तुलाही एकदा डॉक्टरकाकांना दाखवू या. किती ती चुळबुळ!"

केतकीनं डोळे वटारले, पण हसू काही आवरेना. तिनं तसंच हसत डॉक्टरांना फोन लावला, "हीच चालू ठेवू या."