नारळ पायरीवरच फोडला

तुर्कस्तानहून बोटीने मागवलेला रंगीत काचांचा दिवा राधिकाच्या घरी फुटका पोचला. खोकं उघडतानाचा व्हिडिओ पाहून कंपनीने रिफंड नाकारला: ‘ग्राहकाने वस्तूवर टणक फळ आपटले आहे.’ हरकतीसाठी शंभर शब्द मिळत होते. तिने मोजून शंभर लिहिले:

‘महोदय, ते टणक फळ म्हणजे नारळ. वसईला आमच्याकडे नवीन वस्तू नारळ फोडल्याशिवाय उंबरठा ओलांडत नाही, मग ती पिठाची चक्की असो की तुमचा दिवा. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, नारळ पायरीवर फोडला. व्हिडिओत खोकं आडवं आल्यामुळे पायरी दिसत नाही. पण त्याआधी मी खोकं उचललं तेव्हा काचा वाजल्या आहेत, तो आवाज कृपया ऐका. लगेच सासूबाई म्हणाल्या, “आत काहीतरी खळखळतंय.” त्यावर अण्णा म्हणाले, “परदेशी माल आहे, तसाच वाजत असेल.” खोक्यावर लाल दिसतंय ते कुंकू आहे. अण्णांनी आयुष्यात हजारो नारळ फोडलेत, एकदाही नेम चुकलेला नाही. तुमचं उत्तर वाचल्यापासून ते कुणाशी बोलत नाहीत. दिव्याचे पैसे द्या, आणि दिवा अण्णांनी फोडला नाही एवढं एका ओळीत लिहून द्या.’

पैसे आले, ती ओळही आली. राधिकाने तोच दिवा पुन्हा मागवला. बोट सुटल्याचा मेसेज येताच अण्णा नारळ घेऊन राजोडीच्या किनाऱ्याला निघाले. ‘मागच्या खेपेला फोडायला जरा उशीरच झाला,’ ते म्हणाले.